कुंथलगिरीच्या वाटेवर जुनी फियाट

सोलापूरहून सिद्धक्षेत्र कुंथलगिरीला जाण्यास दोन मार्ग आहेत. एक बार्शीवरून भूमच्या दिशेने जातो. दुसरा तुळजापूरचा घाट चढून बालाघाटच्या पठारावर येतो आणि धाराशिव, येडशी, येरमाळा ही गावे मागे टाकीत सरमकुंडी फाट्यापाशी महामार्ग सोडतो. आमच्या घरात दुसऱ्याच मार्गाची रूढी आहे. या मार्गाचा आता चौपदरी महामार्ग झाला असून पूर्वीची लिंबाची आणि चिंचेची झाडे बहुतेक गेली आहेत. रस्त्याच्या दोन्ही अंगांचा मुलूख मात्र अजून तोच आहे. ज्वारी निघून गेल्यावर उघडी पडलेली शेते, मधूनच एखादा आटलेला साठवण तलाव, बांधावर बाभळी, आणि चैत्रात तर सकाळी आठ वाजल्यापासूनच डांबरावर थरथरू लागणारी हवा.

हा मुलूख आपल्या समाजाला दोन नात्यांनी जवळचा आहे. एक नाते धर्माचे. धाराशिवजवळच्या डोंगरातील लेण्यांत भगवान पार्श्वनाथांची प्राचीन मूर्ती आहे, आणि मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात या लेण्यांची कथा आली आहे. दुसरे नाते व्यापाराचे. तेरणेकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी ग्रंथात या पेठेचे नाव आहे. येथले कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलुखातून थेट भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. इतक्या लांबच्या वाटेवर त्या गाड्यांचे आखही मोडले असतील. तेव्हा मालाचे धनी, गाडीवान आणि आसपासचे शेतकरी अशी सगळी मंडळी चाकाभोवती जमून आपापले निदान मोठ्या आवाजात सांगत असतील, याविषयी माझ्या मनात शंका नाही. गेल्या चैत्रात, महावीर जयंतीनंतरच्या आठवड्यात, त्याच पठारावर मी तेच पाहिले.

आम्ही निघालो होतो ती गाडी १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. तिच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तिचेही सोलापूरशी नाते आहे. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच एका गुजराती दिगंबर जैन कुटुंबात झाला. पिढीजात पेढी आणि कापसाचा व्यापार सोडून या पुरुषाने जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने या देशात घडवण्याचा ध्यास घेतला. विशाखापट्टणमची जहाजगोदी त्यांची, बंगळूरचा १९४० सालचा विमान कारखाना त्यांचा, आणि १९४४ साली स्थापन झालेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मुंबईची कंपनीही त्यांचीच. १९५३ साली शेठजी निवर्तले. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली ती त्यानंतर. १९६४ साली तिचे 'डिलाइट' हे रूप आले, आणि पुढे याच गाडीला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून जी गाडी सर्वांच्या परिचयाची होती आणि २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निवृत्त झाली, ती हीच.

त्या काळी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. वडिलांनीही तशी पाहिली. गाडी दारात आली त्याच आठवड्यात तिचा पहिला लांबचा प्रवास कुंथलगिरीचा झाला, असे आई सांगते. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. दादा पाळण्यातला होता. आज आई ८३ वर्षांची आहे. 'एकदा पुन्हा त्याच गाडीतून डोंगरावर ने' एवढेच तिचे मागणे होते. एवढ्यासाठी गाडीचे सर्व्हिसिंग करून घेतले. आईने आपल्या बाजूने नियम घेतला: आदल्या सूर्यास्तानंतर अन्नपाणी बंद, आणि कुंथलगिरीला कुलभूषण-देशभूषण मुनिराजांच्या चरणांचे दर्शन झाल्यावरच पाण्याचा पहिला घोट. सकाळी साडेसहाला निघून दहाच्या आत पोहोचायचे, असा दादाचा हिशेब होता.

येडशी मागे पडली तेव्हा साडेआठ वाजले होते. गाडी पन्नास-पंचावन्नच्या वेगाने अगदी मजेत चालली होती. ही गाडी दुसऱ्या कोणत्याही गाडीसारखी चालत नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असतो, पुढची सीट सलग असते, आणि १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन एखाद्या म्हाताऱ्या मुनिमासारखे स्वतःशीच काही मोजत राहते. ते मोजणे थांबले. धक्का नाही, धूर नाही, वास नाही. दादाने गाडी डावीकडे घेऊन सर्व्हिस रोडच्या तोंडाशी उभी केली आणि सेल्फ मारला. इंजिन फिरत होते, पण पेटत नव्हते.

दादाचे निदान लगेच झाले, आणि ते निराधारही नव्हते. या गाडीत पेट्रोलची टाकी मागे असते. पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरकडे ढकलणारा छोटा पंप इंजिनला चिकटून बसवलेला असतो; आपल्याकडे मिस्त्री लोक त्याला एसी पंप म्हणतात. उन्हाळ्यात इंजिनची धग लागून नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला द्रव ढकलता येतो, वाफ ढकलता येत नाही. ती नुसती दबते आणि पुन्हा फुगते. कार्ब्युरेटर कोरडा पडतो आणि गाडी थांबते. याला व्हेपर लॉक म्हणतात. फियाटवाल्या घरांतून उन्हाळ्यात पंपावर ओले फडके टाकण्याचा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

पाणी होते, पण ते घरून गाळून आणलेले होते. आई म्हणाली, "लागेल तेवढेच घे. फडके भिजले की पुरे, ओतू नको." तिने स्वतः तांब्या धरला. ज्या पाण्याचा एक थेंब ती त्या दिवशी जिभेवर घेणार नव्हती, ते पाणी तिने इंजिनसाठी मोजून दिले. अर्ध्या तासाने सेल्फ मारताच गाडी सुरू झाली. दादाचा चेहरा उजळला. निदान सिद्ध झाल्यासारखेच होते.

गाडी जेमतेम दहा-बारा किलोमीटर गेली आणि येरमाळ्याच्या अलीकडे पुन्हा थांबली. तसेच: धक्का नाही, धूर नाही.

या खेपेला एक लिंबाचे झाड मिळाले, हे पुण्यच. आईला सावलीत सतरंजीवर बसवले. तिने माळ काढली. एक मालट्रक थांबला. ड्रायव्हरने बॉनेटमध्ये डोकावून सांगितले, 'पेट्रोलमध्ये पाणी आहे.' मोटरसायकलवरून जाणाऱ्या एका तरुणाच्या मते बॅटरी गेली होती. सेल्फ दणकून फिरत असताना बॅटरी कशी गेली असेल, याचा विचार त्याने केला नव्हता. एका गृहस्थांनी 'इंजिन सीज होणार, विकून टाका' असाही सल्ला दिला. स्यात् पेट्रोल, स्यात् बॅटरी, स्यात् इंजिन! आपल्या स्याद्वादाला मात्र हे अभिप्रेत नाही. तेथे प्रत्येक 'स्यात्'मागे पाहण्याची एक निश्चित बाजू असते. येथे पाहिले कोणीच नव्हते.

दादाने भराभर फोन केले. धाराशिवहून भाड्याची गाडी यायला तास-सव्वातास लागणार होता. त्याने आईला विचारले. ती म्हणाली, "बारा वाजेपर्यंत बघू. नाही चालली तर येईन दुसऱ्या गाडीतून." ती हट्टी नाही, पण तिचे ओठ कोरडे पडले होते आणि ऊन वाढत होते. वहिनी सारखी तिच्या मनगटाला हात लावून पाहत होती. 'पाणी घ्या' असे म्हणण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणालाच नव्हते, आणि न म्हणण्याचेही ओझे होतेच.

येरमाळ्याच्या एका टायरवाल्याने मिस्त्रीचा नंबर दिला. दहा वाजून गेल्यावर ते आले, जुन्या पॉइंटवाल्या बुलेटवरून. वय साठीच्या पुढचे, डोक्याला पांढरा रुमाल. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी पहिला प्रश्न केला तो असा: "बंद पडली तेव्हा गचके खात पडली, का एकदम?"

दादा म्हणाला, बहुधा थोडी ओढत होती. मला नक्की सांगता येईना. उत्तर आईने दिले. "दिवा फुंकून विझवावा तशी गेली. माझी माळ चालू होती. एका मण्याला आवाज होता, पुढच्या मण्याला नव्हता. दोन्ही वेळेला."

मिस्त्रींनी तिच्याकडे वळून मान डोलावली. "माई, अर्धं काम तुम्हीच केलं."

हा प्रश्न साधा दिसतो. पण जुन्या पेट्रोल गाडीच्या अचानक थांबण्याचे सगळे निदान त्याच्याभोवती फिरते. इंजिनला मुख्यतः दोन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात हवेत मिसळलेले पेट्रोल, आणि योग्य क्षणी ठिणगी. पेट्रोल कमी पडले तर गाडी सहसा एकदम मरत नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडे पेट्रोल शिल्लक असते. ते संपेपर्यंत गाडी अडखळते, गचके खाते, ॲक्सिलरेटर दाबला की आणखी मंदावते, मग थांबते. ठिणगी गेली तर मात्र किल्ली फिरवून बंद केल्यासारखी थांबते. अपवाद असतात, परंतु पहिला कौल घेण्यास एवढे पुरते. म्हणून बंद पडलेल्या गाडीचे बॉनेट उघडण्यापूर्वी, ती कशी बंद पडली हे आठवून पाहणे अधिक उपयोगी असते. आठवण ताजी असतानाच हे विचारले पाहिजे. दहा जणांची मते ऐकल्यावर माणसाला आपलीच आठवण बदललेली दिसते.

मिस्त्रींनी दुसरे जे केले त्याने दादाचा धीर सुटण्याची वेळ आली. त्यांनी सेल्फ मारला. इंजिन तोवर निवले होते. लगेच सुरू झाले. दादा म्हणाला, "चला, निघू. सरमकुंडीपर्यंत गेलो तरी पुढे काही सोय होईल." मिस्त्री म्हणाले, "शेठ, दहा किलोमीटरवर पुन्हा थांबल, आन्‌ तिथं झाड पण नसल." आणि ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले. इंजिन चालू, बॉनेट बंद. त्यांना गाडी सुरू करायची नव्हती, ती बंद पडायला हवी होती. बिघाड हजर असताना तो सापडतो. गाडी ठीक चालत असताना शंभर भाग तपासले तरी शंभरही निर्दोष दिसतात.

पुढची वीस मिनिटे मला अजून आठवतात. समोर चालू असलेली गाडी, सावलीत तहानलेली म्हातारी आई, हाताशी वेळ थोडा, आणि आम्ही सगळे गाडी बिघडण्याची वाट पाहत बसलेलो. दादा दोनदा उठला. दुसऱ्या वेळी आई म्हणाली, "बस रे. त्यांना बघू दे." व्यापारात माणूस चालू असलेल्या गोष्टीला हात लावीत नाही, चालतेय तोवर चालू देतो, आणि नेमक्या चालू दिसणाऱ्या व्यवहारातच खोट दडलेली असते, हे दादालाही माझ्याइतकेच ठाऊक आहे.

साडेदहाच्या पुढे केव्हातरी इंजिन थांबले. मिस्त्री उठले. त्यानंतर मात्र त्यांनी एक क्षण दवडला नाही.

प्रथम पेट्रोल. कार्ब्युरेटरशी येणारी नळी त्यांनी सोडवली, तिचे तोंड एका रिकाम्या बाटलीत धरले आणि मला समोरून हँडल मारायला सांगितले. (ही सोय आताच्या गाड्यांत नाही, या गाडीला पुढे भोक असते, त्यात हँडल घालून इंजिन हाताने फिरवता येते.) प्रत्येक फेऱ्याबरोबर पेट्रोलची चिळकांडी बाटलीत पडली; अखंड, बुडबुड्यांशिवाय. इंजिन पूर्ण तापलेले असतानाही पेट्रोल येत होते. व्हेपर लॉक बाद झाला. ओल्या फडक्याने गाडी सुरू झाली होती असे आम्हाला वाटले, ते अर्धेच खरे होते. गाडी निवल्यामुळे सुरू झाली होती. फडके टाकले नसते तरी झालीच असती. एकच उपाय दोन वेगळ्या रोगांना लागू पडतो तेव्हा त्या उपायाने रोग ओळखता येत नाही. बाटली त्यांनी दूर नेऊन ठेवली, नळी घट्ट केली, सांडलेले दोन थेंब पुसले आणि वाळू दिले. ठिणगीची परीक्षा त्यानंतर. हा क्रम उलटला तर गाडीच पेटायची.

मग ठिणगी. एका प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनच्या लोखंडाजवळ धरले, पुन्हा हँडल. काहीच नाही. निळी नाही, पिवळीही नाही. आता प्रश्न एवढाच उरला की करंट कोठपर्यंत येतो आणि कोठे हरवतो.

यासाठी त्यांच्याकडे यंत्र होते ते म्हणजे दोन वायरी जोडलेला एक छोटा बल्ब. ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी आहे त्यांनी हा बल्ब टूलकिटमध्ये ठेवावाच, म्हणून पुढचे जरा सविस्तर सांगतो. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये येतात. कॉइलच्या दुसऱ्या टोकापासून एक वायर डिस्ट्रिब्युटरमध्ये जाते, तेथे पॉइंट नावाचे दोन छोटे संपर्क असतात. ते मिटले की कॉइलमधून प्रवाह वाहतो; उघडले की तो तुटतो, आणि तुटण्याच्या त्या क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा झटका निर्माण होतो. तोच प्लगवर ठिणगी होतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे करीत असेल तर हे मिटणे-उघडणे सेकंदाला १०० वेळा होते. मात्र पॉइंट उघडताना प्रवाह सरळपणे तुटत नाही, त्या फटीवरून उडी मारू पाहतो. तसे झाले तर झटका मंदावतो आणि पॉइंटही जळतात. ती उडी आवरण्यासाठी पॉइंटांना जोडून एक कंडेन्सर बसवलेला असतो: बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी, आत धातूच्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये त्यांना एकमेकींपासून अलग ठेवणारा कागदासारखा थर, असे गुंडाळलेले.

मिस्त्रींनी बल्बची एक वायर गाडीच्या अंगाला लावली, दुसरी कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला. बल्ब लागला, म्हणजे येथवर करंट ठीक. मग डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली आणि म्हणाले, "एखादा जाड कागद द्या." माझ्या खिशात दुकानाची एक पावती होती, ती घडी करून त्यांनी पॉइंटांच्या मध्ये सरकवली, म्हणजे ते उघडेच राहावेत. मग बल्बची वायर कॉइलच्या दुसऱ्या टोकाला लावली. पॉइंट उघडे असताना येथे बल्ब लागायलाच हवा, कारण करंटला जमिनीत जाण्यास दुसरी वाट नाही. बल्ब लागला नाही. याचा अर्थ करंट कोठून तरी चोरवाटेने निसटत होता. त्यांनी कंडेन्सरची वायर सुट्टी केली. बल्ब झळकला. पुन्हा जोडली: विझला. पुन्हा सोडली: लागला. तीनदा करून त्यांनी दादाला जवळ बोलावून दाखवले.

"पण तो नवा आहे," दादा म्हणाला. "आत्ताच सर्व्हिसिंगला बसवलाय." मिस्त्री म्हणाले, "म्हणून तर कुणी त्याच्यावर संशय घेतला नाही. जुना चाळीस वर्षं टिकायचा शेठ, नव्याची खात्री नाही."

आतला अलग ठेवणारा थर कोठेतरी कच्चा असला की गाडी तापल्यावर पट्ट्या एकमेकींना टेकतात. कॉइलचा करंट पॉइंटांना न विचारता थेट जमिनीत जातो आणि ठिणगी एका क्षणात नाहीशी होते. डबी निवली की पट्ट्या पुन्हा अलग होतात, गाडी सुरू होते. आईच्या माळेने सांगितलेले आणि बल्बाने दाखवलेले येथे जुळले. निवलेल्या गाडीवर हीच परीक्षा केली असती तर बल्ब नेमका लागला असता आणि आम्ही कॉइल बदलत, कार्ब्युरेटर खोलत दिवस काढला असता.

पॉइंटवाली बुलेट चालवणारा माणूस कंडेन्सर जवळ बाळगतोच. मिस्त्रींच्या टूलबॉक्समध्ये एक होता. तो डिस्ट्रिब्युटरच्या आत बसण्यासारखा नव्हता, पण त्याला आत बसण्याची गरजही नसते. त्यांनी डबी गाडीच्या अंगाला स्क्रूने घट्ट केली, वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला जोडली, जुन्या कंडेन्सरची वायर सुट्टीच ठेवून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि पावती काढून मला परत दिली. सेल्फ. गाडी सुरू झाली. आम्हाला वाटले आता निघायचे. पण ते पुन्हा उकिडवे बसले आणि दहा मिनिटे तिला तापू दिले. या वेळी दादा काही बोलला नाही.

पैशांचा विषय निघाला तेव्हा मी ५०० ची नोट पुढे केली. त्यांनी कंडेन्सरचे १२० आणि मजुरीचे १५० धरून २३० रुपये मोजून परत दिले. जास्त देऊ केले तर म्हणाले, "हिशेब झाला." आमच्या पेढीवर लहानाचे मोठे झालेल्या कोणालाही हे दोन शब्द कळतात, त्यानंतर आग्रह करायचा नसतो.

अकरा वाजून गेल्यावर निघालो. येरमाळा, फटाक्यांच्या कारखान्यांचे तेरखेडा, मग सरमकुंडी फाटा. महामार्ग सुटला की आवाज एकदम कमी होतो आणि रस्ता माळावरून वळणे घेऊ लागतो. या भागात दुधाचा मुख्य उद्योग खव्याचा. जळण म्हणून रचलेल्या लाकडांचे ढीग आणि भट्ट्यांचा धूर दिसला की क्षेत्र जवळ आले असे समजावे. कुंथलगिरीचा डोंगर उंच नाही. शिखरजी किंवा मांगीतुंगीची चढण पाहिलेल्यांना तो टेकडीच वाटेल. पण माळरानात तो एकटा उठून दिसतो, आणि त्यावरची पांढरी शिखरे दुरूनच डोळ्यांत भरतात.

निर्वाणकांडात या गिरीचे नाव आहे. कुलभूषण आणि देशभूषण हे राजपुत्र बंधू; विद्याभ्यास संपवून नगरीत परतताना झरोक्यात एक कन्या पाहून दोघांचेही मन विचलित झाले, आणि ती आपल्या पाठीमागे जन्मलेली सख्खी बहीण आहे असे कळताच दोघांनी त्याच पावली विरक्ती घेतली. रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात त्यांच्यावरील उपसर्ग राम-लक्ष्मणांनी दूर केल्याची कथा आहे. अलीकडच्या काळातील स्मृती आणखी जवळची. आचार्य शांतिसागर महाराजांनी दृष्टी क्षीण झाल्यावर, डोळ्यांनी जीवजंतू दिसेनासे झाले तर ईर्यासमिती पाळता येणार नाही म्हणून, येथे सल्लेखना घेतली आणि १९५५ च्या सप्टेंबरात समाधिमरण साधले. आई त्या वेळी चौदा वर्षांची होती, वडिलांबरोबर आली होती. पाऊस, चिखल, आणि डोंगरावर मावणार नाही एवढा समाज, पण आवाज मात्र नाही. एवढेच तिला आठवते.

डोंगरावर पोहोचलो तेव्हा बाराला पाच मिनिटे कमी होती. पायऱ्यांवर तिने आमचा हात घेतला नाही, वहिनीचा घेतला. चरणांपाशी ती बराच वेळ बसली. आम्हाला घाई होती, तिला नव्हती. नंतर धर्मशाळेच्या ओसरीवर तिने गाळलेले पाणी घेतले, सावकाश, दोन्ही हातांनी फुलपात्र धरून. मग म्हणाली, "गाडी सावलीत लावलीत ना?"

दुसऱ्या दिवशी पहाटे अभिषेक पाहून परतलो. येरमाळ्यात मिस्त्रींच्या दुकानापुढे थांबून खव्याचे पेढे दिले. त्यांनी पेढा तोंडात टाकण्यापूर्वी बॉनेट उघडायला लावले, नव्या डबीवर बोट ठेवून पाहिले आणि म्हणाले, "सोलापूरला गेल्यावर चांगला बघून आतमधी दुसरा बसवा. पण हा बाहेरचा काढू नका. वायर सोडून तसाच राहू द्या, पुढच्या वेळी दोन मिनिटांत लागल."

आईने मागच्या सीटवरून विचारले, "म्हणजे पुन्हा येणार आहोत ना?"

दादाने किल्ली फिरवली.